डेटाबेस जोडला जात नाही? पासवर्डला हात लावण्याआधी या क्रमानं तपासा

कापसाचा हंगाम ऐन भरात, जिनिंगच्या फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग, आणि नेमकं तेव्हाच काट्यावरचं कॉम्प्युटर म्हणतं की डेटाबेसशी जोडणी होत नाही. मग फोन येतो : ‘भाऊ, पासवर्ड घेऊनच नाही राहिलं जी. दहा वेळा टाकून पाहिला.’ यवतमाळ-वर्धा पट्ट्यातल्या जिनिंग, दालमिल आणि पतसंस्थांची कॉम्प्युटरं मी सांभाळतो. अशा फोनांपैकी बरेच पासवर्डचे नसतातच. पण मी पोहोचेपर्यंत कुणीतरी पासवर्ड बदललेला असतो, दुसऱ्यानं सेटिंगची फाइल उघडून दोन ओळी खोडलेल्या असतात आणि तिसरा सर्व्हर काढून नव्यानं टाकायच्या तयारीत असतो. मूळ दोष एकच असतो, वरून तीन आपण घालतो.

म्हणून हा क्रम लिहून काढला आहे. गृहीत धरलेली मांडणी आपल्याकडे सगळीकडे दिसते तीच : ऑफिसातल्या एका विंडोज मशीनवर पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) हा डेटाबेस, म्हणजे आपला सर्व्हर, आणि काटा, कॅश, गोदाम अशी दोन-चार मशीनं, म्हणजे क्लायंट, त्याच राउटरवर. आज्ञा आणि संदेश इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्षात ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाइप करायचे.

तयारी : कीबोर्डला हात लावण्याआधी

पहिलं काम गाड्या चालू ठेवण्याचं. कार्बन लावलेलं पावतीपुस्तक काढा आणि काटापट्टी हातानं लिहायला सुरुवात करा. यात एक नाजूक जागा आहे. भरल्या गाडीचं वजन झालं, कापूस खाली झाला आणि रिकाम्या गाडीच्या वजनाच्या वेळी जोडणी तुटली, तर पहिलं वजन डेटाबेसमध्ये अडकतं. अशा गाड्यांची छापील चिठ्ठी शेतकऱ्याकडून मागून घ्या, भरलं वजन आणि वेळ वहीत उतरवा आणि चिठ्ठी त्याला परत द्या. त्या आकड्यावर त्याचे पैसे ठरतात, तो कुणाच्या आठवणीवर सोडू नका. हे झालं की पाठीमागची घाई कमी होते, आणि या कामात निम्म्या चुका घाईतच होतात.

दुसरं काम संदेशाचा फोटो. ‘ओके’ दाबण्याआधी मोबाइलवर पूर्ण खिडकीचा फोटो घ्या, खालच्या बारीक अक्षरांसकट. फोनवर सांगताना माणूस आपल्या अंदाजाचं सांगतो. मागच्या हंगामात एका ठिकाणी ‘पासवर्ड चुकला’ एवढ्या सांगण्यावर मी तासभर फोनवरूनच पासवर्डच्या मागे लागलो. शेवटी म्हटलं, ‘दादा, एकदा फोटो टाका.’ फोटोत पासवर्ड हा शब्दच नव्हता. १००६० हा आकडा होता. त्या आकड्याचा अर्थ पुढे येतो.

तिसरं, चार प्रश्न विचारा. शेवटचं कधी चाललं? त्यानंतर लाइन (वीज) गेली होती का? नवा राउटर, विंडोजचं अपडेट, कुणी दुरुस्तीला येऊन गेलं, असं काही झालं का? आणि बंद एकच मशीन आहे की सगळी? चौथ्या प्रश्नाचं उत्तर काम अर्धं करून टाकतं. सगळी बंद असतील तर सर्व्हर किंवा मधला स्विच (मशीनांच्या नेटवर्कच्या वायरी जोडणारी डबी) पाहायचा. एकच बंद असेल तर सर्व्हरला हात लावायचा नाही, त्या मशीनपाशी बसायचं.

चौथं, सर्व्हरच्या सेटिंगच्या दोन फाइलींची नक्कल : पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ आणि पीजी_एचबीए.कॉन्फ. दोन्ही सहसा डेटा फोल्डरमध्येच असतात. नक्कल दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि नावात आजची तारीख घाला. सर्व्हर चालू असेल आणि त्याच मशीनवरून आत जाता येत असेल, तर पीजी_डंपनं बॅकअपही आत्ताच काढून पेनड्राइव्हवर घ्या.

सावधान : पोस्टग्रेस काढून पुन्हा टाकणं हा या दुरुस्तीचा भागच नाही. खरंच वेळ आली, तर सर्व्हिस थांबवून संपूर्ण डेटा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवल्याशिवाय ‘अनइन्स्टॉल’ दाबू नका.

टप्पा १ : संदेश शब्दशः वाचा

क्लायंटपासून डेटाबेसपर्यंत जाताना चार ठिकाणी अडवलं जातं : रस्ता, दार, पाहुण्यांची यादी आणि ओळखपत्र. संदेश वाचला की कुठं अडलो ते कळतं.

‘कनेक्शन टाइम्ड आउट’ किंवा १००६० : हाक मारली, पण कुणी ओ दिली नाही. मशीन बंद आहे, पत्ता चुकीचा आहे, वायर निघाली आहे किंवा फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारा विंडोजचा पहारेकरी) ती हाक गुपचूप गिळते आहे. टप्पा ३ आणि ४.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ किंवा १००६१ : मशीन सापडलं, पण त्या पोर्टवर (मशीनच्या त्या क्रमांकाच्या दारावर) ऐकणारं कुणी नाही. टप्पा २ आणि ४.

‘नो पीजी_एचबीए.कॉन्फ एंट्री फॉर होस्ट’ : दारापर्यंत पोहोचलात, यादीत तुमचं नाव नाही. टप्पा ५. हा संदेश दिसला की नेटवर्क सोडून द्या. नेटवर्क ठीक आहे म्हणूनच तो दिसतो आहे.

‘पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड फॉर युजर’ : आता कुठं पासवर्डचा विषय निघाला. टप्पा ६.

‘डेटाबेस डझ नॉट एक्झिस्ट’ किंवा ‘टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’ : टप्पा ७.

‘द डेटाबेस सिस्टिम इज स्टार्टिंग अप’ : काही करू नका, थांबा. कारण लगेच पुढच्या टप्प्यात.

तुमचं सॉफ्टवेअर मूळ संदेश लपवून ‘जोडणी होत नाही’ एवढंच दाखवत असेल, तर त्याच मशीनवर पीएसक्यूएल किंवा पीजीॲडमिन (पोस्टग्रेसशी थेट बोलायचे प्रोग्राम) उघडून तोच पत्ता, तेच नाव घालून जोडून पाहा. खरा संदेश तिथं दिसेल.

टप्पा २ : सर्व्हर जागा आहे का?

सर्व्हरच्या मशीनवर सर्व्हिसेसची खिडकी उघडा, पोस्टग्रेसक्यूएल नावाची सर्व्हिस शोधा आणि ती ‘रनिंग’ आहे का ते पाहा. मग कमांड प्रॉम्प्टवर पीजी_इजरेडी चालवा. ही छोटी आज्ञा पासवर्ड न विचारता सांगते की सर्व्हर जोडण्या स्वीकारतो आहे, नाकारतो आहे की काहीच उत्तर देत नाही. आज्ञा सापडत नसेल तर पोस्टग्रेसच्या ‘बिन’ फोल्डरमध्ये जाऊन चालवा.

रात्री लाइन जाऊन मशीन धाडकन बंद पडलं असेल, तर सुरू होताना पोस्टग्रेस आधी डेटा फाइलींत उतरायचे राहिलेले बदल ‘वॉल’ नावाच्या आपल्या नोंदवहीतून भरून काढतो. याला कधी काही सेकंद लागतात, कधी बरीच मिनिटं. तेवढ्या वेळात येणाऱ्याला ‘स्टार्टिंग अप’ असं सांगून तो परत पाठवतो. नेमकं याच वेळी लोक कंटाळून टास्क मॅनेजरमधून त्याला मारतात किंवा मशीन पुन्हा बंद-चालू करतात, आणि भरून काढायचं काम पहिल्यापासून सुरू होतं. चहा घ्या, लॉगवर नजर ठेवा.

सर्व्हिस सुरूच होत नसेल तर लॉग वाचा. तो डेटा फोल्डरमधल्या ‘लॉग’ फोल्डरमध्ये असतो. तिथं काही नसेल तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये पाहा. डिस्क भरणं हे नेहमीचं कारण. सर्व्हरच्याच मशीनवर सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवलेलं मी पाहिलं आहे. डिस्क भरली असेल तर बाकीच्या फाइली हलवा. डेटा फोल्डरमधली एकही फाइल जागा करण्यासाठी पुसू नका, ‘पीजी_वॉल’ नावाचं फोल्डर कितीही जाड दिसलं तरी.

सावधान : ‘पोस्टमास्टर.पीआयडी पुसा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. टास्क मॅनेजरमध्ये पोस्टग्रेसची एकही प्रक्रिया शिल्लक नाही याची खात्री केल्याशिवाय ती फाइल पुसू नका. एकाच डेटा फोल्डरवर दोन सर्व्हर चालले तर डेटा बिघडतो. ‘पीजी_रिसेटवॉल’ ही आज्ञा तर घरगुती उपाय म्हणून कधीच वापरायची नाही. तिनं सर्व्हर सुरू होईल, पण आतले हिशेब एकमेकांशी जुळतीलच असं नाही.

खात्री : सर्व्हरच्याच मशीनवरून आत जाता येतं का? येत असेल तर पुढे चला. ‘इथं तर चालून राहिलं भाऊ, मग तिकडंच बिघाड असंल’ असं मात्र ठरवू नका. स्वतःच्या मशीनवरून जाताना नेटवर्क, फायरवॉल आणि यादीतल्या वेगळ्या ओळी यांचा संबंधच येत नाही.

टप्पा ३ : रस्ता

सर्व्हरवर आयपीकॉन्फिग चालवा आणि आत्ताचा पत्ता कागदावर लिहा. मग बंद पडलेल्या मशीनच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचा कुठला पत्ता लिहिला आहे तो त्याच्या शेजारी लिहा. दोन्ही जुळतात का?

बऱ्याचदा जुळत नाहीत. राउटर प्रत्येक मशीनला पत्ता वाटून देतो. लाइन जाऊन सगळं एकदम बंद झालं आणि परत आलं की वाटप बदलू शकतं. काल सर्व्हर १९२.१६८.१.१० होता, आज १९२.१६८.१.१४ झाला. काट्याचं कॉम्प्युटर अजून दहा नंबरचं दार वाजवतंय आणि तिथं आता कुणाचा तरी मोबाइल बसला आहे. उपाय एकदाच करायचा : राउटरमध्ये सर्व्हरसाठी तोच पत्ता राखून ठेवायचा, किंवा सर्व्हरवरच कायमचा पत्ता घालायचा. नुसता क्लायंटमध्ये नवा पत्ता टाकून निघालात, तर पुढच्या वेळी लाइन गेली की हाच फोन पुन्हा येईल.

पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर त्या मशीनला राउटरकडून उत्तरच मिळालेलं नाही. वायर पाहा, स्विच पाहा. सर्व्हर आणि राउटर यूपीएसवर असतात, आणि मधला पाच दारांचा छोटा स्विच साध्या बोर्डात खोचलेला असतो. लाइन गेली की सर्व्हर जिवंत, काट्याचं कॉम्प्युटर जिवंत आणि मधला दुवा मेलेला. त्या स्विचची पिनही यूपीएसवर घ्या. तो फार वीज खात नाही.

पिंग (दुसऱ्या मशीनला हाक मारून पाहणारी आज्ञा) याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. पिंगला उत्तर आलं म्हणजे मशीन सापडलं, एवढंच. पोर्ट उघडं आहे हे त्यातून कळत नाही. उलट विंडोजची फायरवॉल पिंग अडवून डेटाबेसला वाट देत असू शकते, म्हणून पिंग गेलं नाही तर लगेच निराश होऊ नका.

टप्पा ४ : दार

क्लायंटच्या मशीनवर पॉवरशेल उघडा आणि टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट ५४३२ देऊन चालवा. शेवटच्या ओळीत ‘टीसीपीटेस्टसक्सीडेड : ट्रू’ आलं तर हा टप्पा संपला, सरळ पाचव्यावर जा. ‘फॉल्स’ आलं तर या क्रमानं पाहा.

पोर्ट तेच आहे का? एका मशीनवर पोस्टग्रेसच्या दोन आवृत्त्या असतील तर दुसरी सहसा ५४३३ वर बसते. जुनी आवृत्ती तशीच ठेवून नवी टाकली आणि डेटा नवीनमध्ये नेला, तर सॉफ्टवेअर अजून जुन्याच दाराशी उभं असतं. ‘शो पोर्ट’ ही आज्ञा खरं उत्तर देते.

सर्व्हर बाहेरचं ऐकतो का? पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फमध्ये लिसन_ॲड्रेसेस ही ओळ पाहा. तिथं लोकलहोस्ट असेल तर सर्व्हर फक्त स्वतःच्याच मशीनची हाक ऐकतो. पोस्टग्रेसचं मूळ ठरलेलं मूल्य हेच आहे, जरी काही इन्स्टॉलर ते आधीच बदलून देतात. तिथं * लिहा, किंवा सर्व्हरचा पत्ता लिहा. ओळीच्या सुरुवातीला # असेल तर ती ओळ मेलेली आहे, # काढा. हा बदल सर्व्हिस पूर्ण थांबवून सुरू केल्याशिवाय लागू होत नाही. नुसत्या ‘रिलोड’नं (सर्व्हर चालू ठेवून सेटिंग पुन्हा वाचायला लावण्यानं) भागत नाही.

फायरवॉल पाहिली का? आत येणाऱ्या जोडण्यांसाठी टीसीपी ५४३२ चा नियम हवा. नियम आहे, पूर्वी चालत होता, आणि नवा राउटर लावल्यापासून बंद झालं, असं असेल तर नेटवर्कचा प्रकार तपासा. विंडोजला राउटर नवा दिसला की ते नेटवर्क ‘पब्लिक’ धरलं जातं, आणि तुमचा नियम ‘प्रायव्हेट’पुरता असतो. नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा. फायरवॉल संपूर्ण बंद करून ‘झालं काम’ म्हणू नका. त्याच राउटरवर गिऱ्हाइकांचे आणि ड्रायव्हरांचे मोबाइलही वायफायनं बसलेले असतात.

सावधान : घरून पाहता यावं म्हणून राउटरमधून ५४३२ इंटरनेटला उघडून ठेवलेलं असेल, तर ते आजच बंद करा. असे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर चोवीस तास चालू असतात. बाहेरून लागणारच असेल तर व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायची सुरक्षित वाट) घ्या.

टप्पा ५ : पाहुण्यांची यादी

पीजी_एचबीए.कॉन्फ या फाइलीत कोण, कुठून, कुठल्या डेटाबेसमध्ये आणि काय दाखवून आत येणार, हे ओळीओळीनं लिहिलेलं असतं. एक ओळ अशी दिसते :

होस्ट  जिनिंग  काटा  १९२.१६८.१.०/२४  स्क्रॅम-शा-२५६

म्हणजे नेटवर्कवरून येणारा, जिनिंग डेटाबेससाठी, काटा नावाचा वापरकर्ता, १९२.१६८.१ च्या मालिकेतल्या कुठल्याही मशीनवरून, स्क्रॅम पद्धतीनं पासवर्ड देऊन. एकाच मशीनला परवानगी द्यायची असेल तर पूर्ण पत्ता आणि /३२.

वाचणाऱ्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो क्रमात. सर्व्हर ही यादी वरून खाली वाचतो आणि जुळणारी पहिली ओळ सापडली की तिथंच थांबतो. त्या ओळीनुसार पासवर्ड चुकला तर ‘बघू, खाली दुसरी ओळ आहे का’ असं तो करत नाही. म्हणून फाइलीच्या तळाशी नवी ओळ घालून काही बदलत नसेल, तर वर कुठंतरी आधीच जुळणारी ओळ बसलेली आहे. ती शोधा.

‘नो एंट्री’ असा संदेश आला तर त्यातला पत्ता, वापरकर्ता आणि डेटाबेस, तिन्ही फाइलीतल्या ओळींशी अक्षरशः ताडून पाहा. अलीकडे एका दालमिलमध्ये नवा राउटर लागला आणि सगळी मशीनं एकदम बंद. जुनी मालिका १९२.१६८.१ ची, नव्या राउटरनं १९२.१६८.२९ ची दिली. क्लायंटमध्ये सर्व्हरचा नवा पत्ता टाकला होता, दारही उघडं होतं, पण यादीत मालिका जुनीच होती. संदेशात तो २९ समोरच लिहिलेला होता. कुणी वाचला नव्हता.

आणखी एक गाठ. सर्व्हरच्याच मशीनवर ‘लोकलहोस्ट’ लिहिलं तर कधी १२७.०.०.१ निघतो आणि कधी आयपीव्ही६ चा ::१ निघतो. यादीत दोन्हींसाठी वेगळी ओळ लागते. एक ओळ कुणी ‘फालतू’ म्हणून खोडली की त्याच मशीनवर एक प्रोग्राम चालतो आणि दुसरा नाही.

फाइल बदलताना नोटपॅड ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’नं उघडा. नाहीतर सेव्ह करताना विंडोज नकार देतं, माणूस घाईत ‘डॉक्युमेंट्स’मध्ये सेव्ह करतो आणि मग तास-तास त्या नकलेत बदल करत बसतो. सर्व्हर कुठली फाइल वाचतो हे ‘शो एचबीए_फाइल’ या आज्ञेनं विचारा, आणि सेव्ह झाल्यावर नावामागे .टीएक्सटी चिकटलं नाही ना ते पाहा.

बदल लागू होणं : लिनक्सवर या फाइलीसाठी ‘रिलोड’ पुरतो. विंडोजवर तर पुढची नवी जोडणी येताच बदल लागू होतो, रिलोडचीही गरज नाही. म्हणजे चूकसुद्धा त्याच क्षणी लागू होते. म्हणून फाइलीला हात लावण्याआधी पीजीॲडमिनमध्ये एक जोडणी उघडून ठेवा. आधीपासून आत असलेल्याला नव्या यादीचा त्रास होत नाही.

खात्री : त्या उघड्या जोडणीतून ‘पीजी_एचबीए_फाइल_रूल्स’ हे दृश्य पाहा. ते १० व्या आवृत्तीपासून आहे. फाइलीतली प्रत्येक ओळ सर्व्हरला कशी समजली ते त्यात दिसतं, आणि चुकलेल्या ओळीपुढे ‘एरर’च्या रकान्यात कारणही लिहिलेलं असतं. तो रकाना रिकामा असला पाहिजे.

सावधान : इंटरनेटवरचे व्हिडिओ एक ओळ सांगतात : पत्ता ०.०.०.०/० आणि पद्धत ‘ट्रस्ट’. तिचा अर्थ असा की जगातल्या कुणीही, कुठल्याही नावानं, पासवर्ड न देता आत यावं. संदेश गायब होतो, म्हणून लोक खूश होतात. मुनीमजीच्या खोलीला कुलूप लागत नाही म्हणून दारच काढून ठेवण्याचा हा प्रकार आहे. शेतकऱ्यांची वजनं आणि उधारीचे हिशेब असलेल्या डेटाबेसवर ही ओळ दिसली, तर आधी ती काढा.

टप्पा ६ : नाव आणि पासवर्ड

पासवर्ड चुकला असं सांगताना सर्व्हर क्लायंटला मुद्दाम कमी सांगतो, म्हणजे बाहेरच्याला अंदाज बांधता येऊ नये. नाव अस्तित्वातच नसलं तरी संदेश तोच येतो. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये, त्याच वेळेच्या ‘डीटेल’च्या ओळीत असतं : असा रोल (वापरकर्ता) नाही, त्याला पासवर्ड ठरवून दिलेलाच नाही, मुदत संपली, किंवा खरंच जुळला नाही. यादीतली कुठली ओळ जुळली तिचा क्रमांकही तिथंच मिळतो. पासवर्ड बदलण्याआधी ही एक ओळ वाचा. अंदाजानं पासवर्ड बदललात, तर तोच पासवर्ड वापरणारी बाकीची चालू मशीनंही बंद पडतील.

‘रोल नाही’ असं आलं तर अक्षरं पाहा. इंग्रजी मोठी-लहान अक्षरं पोस्टग्रेसला जोडणीच्या वेळी वेगळी असतात. आज्ञा लिहून, अवतरणचिन्हं न देता वापरकर्ता बनवला तर नाव आपोआप लहान अक्षरांत जातं. पीजीॲडमिनच्या खिडकीतून बनवलं तर मोठं अक्षर तसंच राहतं. एकानं एका वाटेनं बनवलं आणि दुसऱ्यानं दुसऱ्या पद्धतीनं लिहिलं, की दोन वेगळी माणसं झाली. नावं कायम लहान अक्षरांत ठेवा.

‘जुळला नाही’ असं आलं तर पासवर्ड नेमका काय जातो आहे ते पाहा. खिडकीत ठिपके दिसतात, त्यामुळे कीबोर्ड मराठीवर राहिला आहे हे कळतच नाही. आपल्याकडे पावतीवर शेतकऱ्याचं नाव मराठीत टाकतात आणि कीबोर्ड परत बदलायचं राहून जातं. पासवर्ड आधी नोटपॅडमध्ये टाइप करून डोळ्यांनी पाहा, नंतर न सेव्ह करता ते बंद करा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या पासवर्डमागे रिकामी जागा चिकटते, मोबाइल पहिलं अक्षर मोठं करतो, आणि दोन * चिन्हांमधला मजकूर ठळक होऊन चिन्हं दिसेनाशी होतात. पासवर्ड फोनवर अक्षर-अक्षर सांगा.

आता @ ची गोष्ट. गावाचं नाव, पुढे @१२३ असा पासवर्ड आपल्याकडे किती ठिकाणी आहे ते सांगायला नको. तो सहज ओळखता येतो हा एक भाग झाला. पण जोडणी एका सलग पत्त्याच्या रूपात लिहिली असेल, तर त्यात @ म्हणजे ‘पासवर्ड संपला, पुढे सर्व्हरचं नाव’ अशी खूण असते. पासवर्डमधल्या @ मुळे कुठं पासवर्ड संपतो आणि कुठं सर्व्हर सुरू होतो याचा घोळ होतो. कधी पासवर्ड चुकतो, कधी ‘होस्ट सापडत नाही’ असा भलताच संदेश येतो. अशा पत्त्यात @ ऐवजी %४०, # ऐवजी %२३ लिहावं लागतं. नवा पासवर्ड ठेवताना लांब ठेवा, पण अक्षरं आणि अंकांचाच ठेवा, डोकेदुखी संपते.

पासवर्ड बरोबर, नाव बरोबर, तरी नकार, आणि हे आवृत्ती बदलल्यानंतर सुरू झालं? मग पासवर्ड साठवण्याची पद्धत पाहा. १४ व्या आवृत्तीपासून नवे पासवर्ड स्क्रॅम पद्धतीनं साठवले जातात. त्याआधी एमडी५ होतं. यादीत स्क्रॅम मागितलं आणि साठवलेला पासवर्ड एमडी५ चा असेल, तर बरोबर पासवर्डही चालत नाही. लॉगमध्ये ‘व्हॅलिड स्क्रॅम सीक्रेट’ नाही असं दिसतं. उपाय सोपा आहे : तोच पासवर्ड त्या वापरकर्त्याला पुन्हा एकदा द्या, तो नव्या पद्धतीनं साठवला जाईल. पीएसक्यूएलमध्ये \पासवर्ड ही आज्ञा वापरा, म्हणजे पासवर्ड उघड्या अक्षरांत लॉगमध्ये जात नाही.

याच्या उलट बाजूचा संदेश ‘ऑथेंटिकेशन टाइप १० इज नॉट सपोर्टेड’ असा येतो. इथं सर्व्हर नवा आहे आणि क्लायंटवरचा ड्रायव्हर (सॉफ्टवेअरला डेटाबेसशी जोडणारा छोटा प्रोग्राम) इतका जुना आहे की त्याला स्क्रॅम कळत नाही. पासवर्ड कितीही बदला, फरक पडणार नाही. ड्रायव्हर नवा टाका. काट्याचं सॉफ्टवेअर फार जुनं असेल आणि ड्रायव्हर बदलता येतच नसेल, तर तेवढ्या एका वापरकर्त्यासाठी आणि तेवढ्या एका मशीनसाठी, /३२ लिहून, एमडी५ ठेवता येतं. त्यात क्रम महत्त्वाचा : आधी पासवर्ड_एन्क्रिप्शन एमडी५ करा, त्यानंतर त्या वापरकर्त्याचा पासवर्ड पुन्हा द्या, मग यादीतली ओळ बदला, आणि शेवटी पासवर्ड_एन्क्रिप्शन परत स्क्रॅमवर आणा. पण १८ व्या आवृत्तीनं एमडी५ ला मोडीत काढायचं म्हणून जाहीर केलं आहे, तेव्हा सॉफ्टवेअरवाल्याच्या मागे आत्ताच लागा.

लॉगमध्ये मुदत संपल्याचं दिसलं तर आधी सर्व्हरची तारीख पाहा. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी संपली की वीज गेल्यावर घड्याळ कुठल्या तरी भलत्याच वर्षात जातं. एसएसएल प्रमाणपत्र तपासून जोडणारी मशीनं तर चुकलेल्या तारखेनं लगेच अडतात. शिवाय पावत्यांवर चुकीची तारीख छापली जाते, ती वेगळीच आफत.

मुख्य ‘पोस्टग्रेस’ वापरकर्त्याचाच पासवर्ड विसरला असेल, तर सगळी क्लायंट मशीनं बाजूला करा. यादीच्या अगदी वर फक्त पोस्टग्रेस वापरकर्ता आणि फक्त १२७.०.०.१/३२ यांच्यासाठी ‘ट्रस्ट’ची एक ओळ घाला, १२७.०.०.१ लिहूनच आत जा, नवा पासवर्ड द्या, ओळ काढा. ओळ काढल्यावर पुन्हा आत जाऊन पाहा. पासवर्ड विचारला गेलाच पाहिजे.

टप्पा ७ : आत शिरताना अडलं तर

‘डेटाबेस डझ नॉट एक्झिस्ट’ आणि संदेशात डेटाबेसच्या जागी वापरकर्त्याचंच नाव दिसतंय? मग जोडणीत डेटाबेसचं नाव लिहायचं राहिलं आहे. नाव दिलं नाही तर पोस्टग्रेस वापरकर्त्याच्या नावाचाच डेटाबेस शोधतो.

‘टू मेनी क्लायंट्स’ आलं तर जागा संपल्या आहेत. ठरलेली मर्यादा १०० जोडण्यांची असते. चार मशीनांच्या ऑफिसात शंभर भरतात याचा अर्थ सॉफ्टवेअर जोडणी उघडतं आणि बंद करत नाही. ‘पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी’मध्ये कुठल्या मशीनच्या जोडण्या ‘आयडल’, म्हणजे बिनकामाच्या, पडून आहेत ते पाहा, ते सॉफ्टवेअर बंद-चालू करा आणि बनवणाऱ्याला कळवा. मर्यादा ५०० करून ठेवली तर हाच प्रश्न थोड्या दिवसांनी जास्त मेमरी खाऊन परत येतो.

टप्पा ८ : लाइन गेल्याचं नाटक करून पाहा

पावती निघाली म्हणून लगेच पिशवी उचलू नका. संध्याकाळी काटा मोकळा झाला की क्लायंट मशीनं बंद करा, सर्व्हर नीट ‘शट डाउन’ करा, मग राउटर आणि स्विच. दोन मिनिटं थांबा. सुरू करताना उलट क्रम : आधी राउटर-स्विच, मग सर्व्हर, तो पूर्ण उठल्यावर बाकीची. हे सुरू करण्याचं काम तुम्ही करू नका, काट्यावरच्या माणसाला करू द्या. तुम्ही हात मागे बांधून उभे राहा. सर्व्हरचा पत्ता तोच आला का, सर्व्हिस आपोआप सुरू झाली का, त्याच्या हातून पहिली चाचणी पावती निघाली का, हे पाहा.

मग सकाळपासून वहीत हातानं लिहिलेल्या काटापट्ट्या त्याच क्रमानं सॉफ्टवेअरमध्ये चढवायला बसा, एकजण वाचणारा आणि एकजण टाकणारा. चढवून झालेल्या प्रत्येक पट्टीवर लाल पेननं खूण करा, आणि शेवटी वहीतली एकूण गाड्यांची संख्या स्क्रीनवरच्या संख्येशी जुळली की वही मुनीमजीच्या हातात द्या.